फुगे, दारूचा धूर आणि तांबडीचे कान

दिवस पहिला : डॅलस ते ॲमरिलो

पहाटे साडेपाचला भाचीने घोडी ट्रेलरपाशी आणली. ऑक्टोबरचा गारवा होता, अजून उजाडलं नव्हतं. घोडीने पुढचा एक पाय उताराच्या फळीवर ठेवला, फुरफुरली आणि तिथेच थांबली. भाचीने दोर ओढला नाही, चुचकारलंही नाही. नुसती बाजूला उभी राहिली. अर्ध्या मिनिटाने घोडी आपणहून आत गेली.

"आत्या, घाई केली की ती दहा मिनिटं लावते. नाही केली की हे असं," भाची म्हणाली आणि मागचं दार लावून घेतलं.

घोडी क्वार्टर हॉर्स जातीची, रंगाने विटकरी-तांबडी. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण मी पहिल्या दिवसापासून तिला तांबडी म्हणते आणि आता घरात सगळेच म्हणतात. भाची रुग्णालयात नर्स आहे. आठवड्यातल्या सुट्ट्या आणि पगारातला मोठा वाटा ती या घोडीवर आणि एका खेळावर खर्च करते. त्या खेळाचं नाव काउबॉय माउंटेड शूटिंग. घोडा भरधाव सोडायचा आणि कमरेच्या दोन रिव्हॉल्व्हरनी मैदानातले दहा फुगे फोडायचे. फोनवर ती हे सांगायची तेव्हा मला त्यातला आवाज तेवढा कळायचा. घोडा हे मुळात पळून जगणारं जनावर. वाऱ्याने उडालेल्या पिशवीला बुजणारं. त्याच्या मानेशेजारी दहा बार काढायचे आणि त्याने बिथरायचं नाही, हे कसं जमतं ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठीच, तिची ॲमरिलोची स्पर्धा बघायला, मी आले.

रस्ता टेक्सासमधला, अमेरिकेचा २८७ क्रमांकाचा महामार्ग. ॲमरिलो साधारण ५८० किलोमीटर. मागे घोडी असली की हा प्रवास आपल्या सोयीने होत नाही. दर दोन-अडीच तासांनी थांबायचं, पाणी दाखवायचं, पाय चाचपून बघायचे. विचिटा फॉल्स गेल्यावर माती लाल व्हायला लागते, झाडं कमी होत जातात, मग नुसती कपाशी, गवत आणि पवनचक्क्या. वाटेत क्वाना नावाचं गाव लागतं. इथल्या मूळ रहिवाशांपैकी कोमांची लोकांचे नेते क्वाना पार्कर यांचं नाव दिलेलं. तिथे तांबडीला पाणी पाजताना मी भाचीला विचारलं, की यांच्याबद्दल शाळेत शिकवलं का? "थोडंसं. पण उद्या पालो ड्यूरोच्या दरीत गेलो की सांगते, तिथे उभं राहून ऐकण्यासारखं आहे."

संध्याकाळी ॲमरिलोला पोचलो. घोडी तबेल्यात, आम्ही मोटेलमध्ये. भाचीने झोपायच्या आधी पुन्हा एक चक्कर मारली, घोडीने पाणी प्यायलं की नाही ते बघायला. प्रवासाने पाणी तोडलेल्या घोड्याला पोटशूळ उठू शकतो आणि पोटशुळाने घोडा दगावू शकतो. ती परत आली तेव्हा अकरा वाजले होते. "अर्धी बादली," एवढंच म्हणाली आणि झोपली.

दिवस दुसरा : क्वार्टर हॉर्स आणि पालो ड्यूरो

सकाळी अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनचं संग्रहालय पाहिलं. संस्था १९४० साली फोर्ट वर्थला स्थापन झाली, मुख्यालय पुढे इथे ॲमरिलोला आलं. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे चारशे मीटरच्या शर्यतीत हे घोडे इतर कुठल्याही जातीला ऐकत नसत, म्हणून नाव क्वार्टर. नोंदवहीतला पहिला क्रमांक कुणाला द्यायचा, तर १९४१ च्या फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात जो नर अव्वल ठरेल त्याला, असं ठरलं होतं. किंग रँचच्या (रँच म्हणजे गुरं-घोडे पाळायचं मोठं कुरण) विंपी नावाच्या घोड्याला तो मिळाला.

तांबडीकडे बघितलं की या जातीची घडण कळते. उंची बेताची, छाती रुंद, आणि मागचे पुठ्ठे असे भरलेले की सगळी ताकद तिथेच साठवली आहे. उभ्या जागेवरून झेप घेणं, मैदानाच्या टोकाला ठेवलेल्या पिंपाला वळसा घालताना मागच्या पायांवर बसून वळणं, पुन्हा झेप. माउंटेड शूटिंगला जातीची अट नाही, कुठलाही घोडा किंवा खेचरसुद्धा चालतं. तरी मैदानात बहुतेक क्वार्टर हॉर्सच का दिसतात, याचं उत्तर त्या पुठ्ठ्यांत आहे.

दुपारी पालो ड्यूरो कॅन्यन. सपाट माळावरून गाडी जात असते आणि एकाएकी जमीन संपते. खाली लाल, केशरी, पांढरट थरांची दरी, दोनशे-अडीचशे मीटर खोल, लांबी जवळजवळ १९० किलोमीटर. दरीत उतरल्यावर वारा पडतो आणि हवा ऊबदार होते. हिवाळ्यात इथे मुक्काम करायचं कोमांचींना का सुचलं असेल हे लगेच लक्षात येतं.

ओढ्याकाठी कॉटनवुडच्या सावलीत बसून भाचीने सांगायला सुरुवात केली. कोमांचींइतके तरबेज स्वार या खंडात दुसरे नव्हते. घोड्याच्या कुशीला लटकून, त्याच्या मानेखालून बाण सोडणारे. एकबारी बंदूक पुन्हा भरेपर्यंत त्यांचे कितीतरी बाण सुटलेले असत, आणि बंदूक भरायला टेक्सासच्या लोकांना घोड्यावरून उतरावं लागे. हे चित्र बदललं ते कोल्टच्या रिव्हॉल्व्हरने. सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ मध्ये पेटंट घेतलं. त्यांचं पॅटर्सन नावाचं पहिलं रिव्हॉल्व्हर पाच बारांचं होतं. १८४४ च्या जूनमध्ये जॅक हेज आणि त्यांचे पंधराएक रेंजर्स, म्हणजे टेक्सासचे सशस्त्र स्वार, वॉकर्स क्रीकपाशी आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या कोमांची तुकडीला भिडले, ते घोड्यावर बसूनच, हातात ही पाच बारांची रिव्हॉल्व्हर घेऊन. घोड्यावरून न उतरता लागोपाठ गोळी चालवणं तिथे पहिल्यांदा निर्णायक ठरलं. त्या लढाईत त्यांच्यातले सॅम्युएल वॉकर भाल्याने जखमी झाले होते. पुढे त्यांच्याच सूचनांवरून कोल्टने १८४७ मध्ये सहा बारांचं, दोन किलो वजनाचं वॉकर रिव्हॉल्व्हर केलं.

"आम्ही दोन पिस्तुलांत पाच-पाच बार भरतो ना, ते मला कधीकधी त्यांच्यासारखंच वाटतं," भाची म्हणाली. खरं कारण वेगळं आहे आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळणार होतं. पण दोन पिस्तुलं, एक घोडा, ही जोडणी तिथूनच आली, यात शंका नाही.

आणि मग तिने या दरीची गोष्ट सांगितली. २८ सप्टेंबर १८७४ च्या पहाटे अमेरिकन सैन्याचे कर्नल रॅनल्ड मॅकेन्झी यांचं घोडदळ एका अरुंद पाऊलवाटेने इथे उतरलं. कोमांची, कायोवा आणि शायान लोकांच्या छावण्या ओढ्याकाठी होत्या. माणसं फारशी मारली गेली नाहीत, बहुतेक जण कड्यांवर चढून निसटले. मागे राहिले ते तंबू, हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न आणि घोडे. सैनिकांनी तंबू जाळले. घोड्यांपैकी काही मॅकेन्झींनी आपल्या वाटाड्यांना दिले. उरलेले, हजारावर घोडे, ट्यूली कॅन्यनकडे हाकत नेले आणि गोळ्या घालून मारले. लोकांना हरवायचं तर त्यांचे घोडे संपवायला हवेत, हा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. पायी हिवाळा काढणं अशक्य झालं. पुढच्या वर्षी, १८७५ च्या जूनमध्ये, क्वाना पार्कर आपल्या लोकांसह फोर्ट सिलच्या लष्करी ठाण्यावर शरण आले.

मी बराच वेळ काही बोलले नाही. हजार घोडे मारायला किती वेळ लागत असेल, हा विचार डोक्यातून जाईना. पहिल्या दहा-वीस बारांनंतर बाकीच्यांचं काय झालं असेल? ज्या मुलखात बंदुकीच्या आवाजाचा घोड्यांसाठी हा अर्थ होता, तिथेच आज घोड्याला शिकवतात की या आवाजाने तुला काही होणार नाही, माझ्यावर विसंब. मला त्या खेळाबद्दलचं कुतूहल त्या क्षणी जरा जड झालं. विसंबायला सांगणाऱ्यावर मोठीच जबाबदारी असते.

दिवस तिसरा : रँचवरची शाळा

ॲमरिलोच्या बाहेर अर्ध्या तासावर एक रँच आहे. मालक सत्तरीपुढचे, पाय घोड्यावर बसून बसून कायमचे बाकदार झालेले. हा खेळ सुरू झाला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, ॲरिझोनात. जिम रॉजर्स यांनी त्याचे नियम बसवले आणि काउबॉय माउंटेड शूटिंग असोसिएशन उभी राहिली. रँचवाले आजोबा तेव्हापासूनचे नसले तरी बरीच वर्षं घोडे तयार करत आले आहेत. मॅचच्या आदल्या दिवशी भाची तांबडीला त्यांच्याकडे हलकं फिरवून आणते.

पण मला तिथे खिळवलं ते एका चार वर्षांच्या कोवळ्या घोड्याने. चारही पाय पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. आपण पंचकल्याणी म्हणतो तसा. बंदुकीशी त्याची ओळख नुकतीच सुरू झालेली.

मला वाटलं होतं, घोड्याला खांबाला बांधून शेजारी बार काढत राहत असतील, होईल सवय. आजोबांनी हे ऐकून मान हलवली. "तसं केलं की घोडा गप्प उभा राहतो. पण ती सवय नव्हे, त्याने आशा सोडलेली असते. तो मैदानात मला काय कामाचा?"

त्यांची रीत अशी. पुढे एक म्हातारा, मुरलेला घोडा चालतो. त्याच्यावरच्या स्वाराच्या हातात टिकल्यांचं पिस्तूल, मुलं खेळतात तेच. पंधरा-वीस पावलं मागे हा पंचकल्याणी. पुढचा स्वार टिकली वाजवतो आणि पुढे जात राहतो. म्हणजे आवाज कोवळ्या घोड्यावर चालून येत नाही, त्याच्यापुढून पळतो. घोड्याला वाटतं, मी याच्या मागे लागलो की हे पळतं. भीती वाटायच्या ऐवजी त्याला जोर चढतो.

पहिल्या टिकलीला तो जागच्या जागी थबकला, मान उंच, नाकपुड्या फुललेल्या, श्वास मोठा. स्वाराने लगाम ढिला सोडला. पुढचा घोडा शांतपणे चालतच होता. पंचकल्याणीने दोन पावलं टाकली. मग चार. आजोबा कुंपणाला टेकून माझ्याशी बोलत होते, पण नजर घोड्याच्या तोंडावर. "आता बघा." घोड्याने मान खाली घेतली, ओठ चाटले, जबडा हलवला, काही चघळत असल्यासारखा. "हं. आता त्याने गिळलं," आजोबा म्हणाले आणि पुढच्याला हात केला. दुसरी टिकली.

चाळीस मिनिटांत अकरा टिकल्या. मग काम बंद. घोडा उत्तम चालला होता, आणखी वीस सहज झाल्या असत्या. पण आजोबांनी खोगीर उतरवायला लावलं. टिकल्यांनंतर लहान पॉइंट बावीसचे, म्हणजे बारीक नळीचे, कोरे (बिनगोळीचे) बार, मग मोठ्या नळीच्या पॉइंट पंचेचाळीसचे, आधी बंदुकीची दारू पाव भरलेले, मग अर्धी, मग पूर्ण. प्रत्येक पायरीला किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, "ते कॅलेंडर घोड्याकडे असतं." एखाद्या दिवशी तो घाबरला की एक पायरी खाली उतरायचं आणि तिथून पुन्हा चढायचं. धुराचा वास, फुग्याची चिंधी पायाशी येणं, फुगे वाऱ्याने एकमेकांना घासल्यावर होणारी कुरकुर, प्रत्येकाची ओळख वेगवेगळी करून द्यावी लागते. काही घोड्यांना बाराचं काही वाटत नाही, पण फुगा दिसला की घाम फुटतो.

दुपारी त्यांनी मला विचारलं, बसणार का? लहानपणी वडिलांनी घोड्यावर बसायला शिकवलं होतं. मांड अजून बरी आहे. त्यांनी मला तो म्हातारा घोडा दिला, कानांत त्याच्या मऊ बोळे घातले, माझ्या कानांत वेगळे, आणि एक रिव्हॉल्व्हर हातात ठेवलं.

हे रिव्हॉल्व्हर १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीच्या घडणीचं. स्पर्धेत अशीच जुन्या बनावटीची चालतात, मूळ किंवा हुबेहूब नक्कल केलेली, पॉइंट पंचेचाळीस कोल्टची. वजन किलोभर. सिंगल ॲक्शन म्हणजे नुसता चाप ओढून चालत नाही, प्रत्येक बाराआधी अंगठ्याने वरचा घोडा मागे ओढून बसवावा लागतो. बंदुकीच्या या भागाला आपण घोडाच म्हणतो, ते मला त्या दिवशी फार समर्पक वाटलं. दोन्ही घोडे सांभाळायचे आणि एकाच वेळी. कप्पे सहा, पण बार पाच. ज्या कप्प्यावर तो घोडा टेकलेला असतो तो रिकामा ठेवायचा, म्हणजे पिस्तूल पडलं किंवा कशावर आपटलं तरी बार उडत नाही. भाचीच्या पाच बारांचं खरं कारण हे.

आणि काडतुसात गोळी नसते. पितळी नळीत काळी दारू, तोंड बंद केलेलं. चाप ओढला की जळत्या दारूचे कण फवाऱ्यासारखे बाहेर पडतात आणि त्या ठिणग्यांनी फुगा फुटतो. पंधरा-वीस फुटांपलीकडे त्यांचा जोर संपतो, म्हणून प्रेक्षक सुरक्षित राहतात. पण घोड्याचा डोळा त्या फवाऱ्यात आला तर भाजेल. म्हणून पहिला धडा नेमबाजीचा नव्हताच. हात खांद्यातून बाजूला, घोड्याच्या डोक्यापासून दूर. कानांच्या वरून किंवा दोन कानांच्या मधून कधीही नाही. "फुगा चुकला तर पाच सेकंद जातात. डोळा चुकला तर घोडा जातो," आजोबा म्हणाले.

मी चालत्या घोड्यावरून एक फुगा फोडला. डाव्या हातात लगाम, उजव्या हातात ते जड लोखंड, अंगठ्याने घोडा ओढताना होणारी दोन-तीन टकटक, मग दणका, हाताला हिसका, आणि नाकात दिवाळीच्या सकाळचा वास. खालच्या म्हाताऱ्याने पाऊलसुद्धा चुकवलं नाही. मी खाली वाकून त्याच्या मानेवर हात ठेवला. आयाळीखाली तो कोरडा होता, घामाचा थेंब नाही.

दिवस चौथा : मॅच

मैदान म्हणजे वाळू घातलेलं आच्छादित रिंगण. सकाळी आठला फलकावर दिवसाचे नकाशे लागले. प्रत्येक फेरीला स्टेज म्हणतात. पाच फुगे एका रंगाचे, इकडेतिकडे विखुरलेले, ते पहिल्या पिस्तुलाने. मग टोकाच्या पिंपाला वळसा, वळतानाच पहिलं पिस्तूल म्यान करून दुसरं काढायचं, आणि दुसऱ्या रंगाचे पाच फुगे एका रांगेत, परतीच्या वाटेवर, पूर्ण वेगात. या शेवटच्या धावेला रनडाउन म्हणतात. मांडणीचे ठरीव नमुने पुष्कळ आहेत. त्यामुळे घोड्याला मार्ग पाठ होत नाही, स्वाराला मात्र दर वेळी नवा पाठ करावा लागतो. स्वार नकाशे बघून मैदानात पायी फिरत होते, ओठ हलत होते, हवेत बोटांनी बार काढत होते.

वेळ विजेच्या डोळ्यावर लागते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. चुकलेल्या प्रत्येक फुग्याला पाच सेकंद. पिस्तूल हातातून पडलं तर पाच. मार्ग चुकला तर दहा. घोड्यावरून पडलात तर साठ. नामांकित स्वारांची एक स्टेज दहा-बारा सेकंदांत होते, म्हणजे पाच सेकंदांचा दंड केवढा ते बघा. म्हणून फार जोरात जाऊन एक फुगा सोडणारा, जरा सांभाळून दहाही फोडणाऱ्याच्या मागे पडतो.

पोशाखालाही नियम आहेत. लांब बाह्यांचा शर्ट, हॅट किंवा हेल्मेट, जीन्स असेल तर वरून चॅप्स, म्हणजे पायांवर चढवायची चामड्याची आवरणं. सहा वर्षांच्या नातवापासून ते सत्तरीच्या आजीपर्यंत सगळे त्याच वेशात. अकरा आणि त्याखालच्या मुलांचा रँग्लर नावाचा वेगळा गट असतो. ती मार्गावरून घोडा नेतात आणि फुग्यांशी आल्यावर टिकल्या वाजवतात. खरा बार ती मोठ्यांच्या देखरेखीत, जमिनीवर उभी राहून काढतात. एक लहान मुलगी प्रत्येक फुग्याला थांबून, नीट बघून, मग टिकली वाजवत होती. तिची फेरी संपायला दोन मिनिटं लागली आणि एकानेही घाई केली नाही.

भरलेलं पिस्तूल घेऊन कोणी इकडेतिकडे फिरत नाही. फाटकाशी एक माणूस असतो, त्याच्या नजरेसमोर बार भरायचे आणि धाव संपली की लगेच रिकामं करायचं. काडतुसं आयोजकच देतात, म्हणजे कोणी जास्त दारू भरलेली वापरू शकत नाही.

भाचीच्या पहिल्या दोन स्टेज चांगल्या झाल्या. एक फुगा सुटला, पण तांबडी तारेसारखी ताणलेली आणि तरी ऐकणारी. मी कुंपणापाशी बसून तिचे कान बघत होते. घोड्याचा एक कान दहा स्नायूंवर फिरतो, पुढून मागे अर्धं वर्तुळ. पुढे रोखलेला कान म्हणजे लक्ष समोर. मागे वळलेला, पण सैल, म्हणजे स्वाराचं ऐकणं चाललंय. मानेला चिकटवलेला म्हणजे राग किंवा त्रास. तांबडीचा धावतानाचा कान सतत हलत होता. पिंपाकडे पुढे, वळताना एक मागे भाचीकडे, पुन्हा पुढे.

तिसऱ्या स्टेजला भाची फाटकाशी आली आणि मला काहीतरी निराळं दिसलं. डावा कान सारखा थरथरत होता, उजवा स्थिर. आतल्या स्वाराचा बार निघाला तसं तांबडीने डोकं जोरात झटकलं आणि एक पाऊल बाजूला टाकलं. पुन्हा बार. पुन्हा झटका, या वेळी मागचे पाय खाली बसले. भाचीचं नाव पुकारलं गेलं. बार भरणारा माणूस हात पुढे करून उभा.

ती खाली उतरली. डाव्या कानात बोट घालून बघितलं. बोळा नव्हता, कुठेतरी वाळूत पडला असणार. खिशात जादा बोळा होता, तिने तो घातलाही. पण तांबडीच्या नाकपुड्या अजून फुललेल्या होत्या आणि छातीवर घामाची लकेर आली होती. मागून कुणीतरी ओरडलं, की आटपा, रांग लागली आहे. भाचीने घोडीच्या तोंडाकडे बघितलं. चार-पाच सेकंद असतील, मला फार मोठी वाटली. मग तिने पंचांना हात केला आणि घोडीला वळवून बाहेर घेऊन आली.

त्या स्टेजला तिची वेळ लागली नाही, त्यामुळे एकूण बेरजेतून ती बाहेर. चार महिन्यांची तयारी, ५८० किलोमीटरचा रस्ता. मी जवळ गेले तेव्हा ती तांबडीला मागच्या मोकळ्या पटांगणात चालवत होती. "मी आत नेली असती तरी ती गेली असती, आत्या. माझ्यासाठी गेली असती. तेच तर." पुढे बोलणं झालं नाही तिच्याने.

तिथून मैदानातले बार ऐकू येत होते, लांबून, मंद. आम्ही दोघी घोडीच्या दोन बाजूंनी चालत राहिलो. प्रत्येक बाराला आधी कान फिरायचा. मग फक्त कानाचं टोक. मग तेही नाही. सूर्य खाली गेला तेव्हा तांबडी थांबली, मान खाली घातली, ओठ चाटले आणि जबडा हलवला. "गिळलं," मी म्हणाले. भाची त्या दिवसात पहिल्यांदा मोकळं हसली.

दिवस पाचवा

एकूण निकालात नसली तरी उरलेल्या स्टेज ती खेळू शकत होती. सकाळी तिने आधी तांबडीला फाटकाबाहेर उभं केलं, बोळे नीट बसवले, वरून कानांना लोकरीची जाळीदार टोपी घातली, आणि सहा जणांच्या धावा नुसत्या ऐकू दिल्या. सातव्याला घोडीने एक मागचा पाय सैल सोडला, आळसावल्यासारखा. तेव्हा ती बसली.

ती धाव मला अजून तुकड्यातुकड्यांत आठवते. फाटकातून तांबडी सुटली ती उतारावरून सुटलेल्या पाण्यासारखी. पहिला पांढरा फुगा डावीकडे, भाचीचा हात मानेवरून पलीकडे. धूर. दुसरा, तिसरा. चौथ्याला घोडी वळत असतानाच बार निघाला आणि फुगा राहिला. मागे वळून बघायचं नसतं, तिने बघितलं नाही. पाचवा फुटला. पिंपाशी तांबडी मागच्या पुठ्ठ्यांवर बसली, वाळूचा पंखा उडाला, त्या वळणात एक पिस्तूल आत गेलं आणि दुसरं बाहेर आलं, आणि मग सरळ रांग. लाल, लाल, लाल, लाल, लाल. ढोलकीवर एकाच मापाने थाप पडावी तसे पाच बार. आणि त्या पाचही बारांना तांबडीचे कान पुढे होते, समोरच्या दाराकडे रोखलेले, जसं काही मागे चाललेल्या गडगडाटाशी तिचा संबंधच नाही.

१९ सेकंद आणि वर एका फुग्याचे पाच. पहिल्या दहांतही नाही. भाचीने लगाम ढिला सोडला आणि दोन्ही हातांनी तिची मान कवटाळली.

दुपारी निघायच्या आधी तांबडीला तासभर पटांगणात मोकळं सोडलं. खोगीर उतरवलेलं, पाठीवर घामाने त्याचा आकार उमटलेला, कानांतले बोळे काढलेले. तिने जमीन हुंगली, पुढच्या खुराने दोनदा उकरली, गुडघे मोडले आणि कुशीवर पडून धुळीत लोळली. एकदा या कुशीवर, एकदा त्या. आत मैदानात शेवटची स्टेज चालू होती. बार निघत होते. चारही पाय आकाशाकडे करून ती लोळतच होती.